अडखळबंध

"एकदा ऐकू द्या, कुठल्याही रचनेचा सांगाडा काढून हातात देतो," अशी फुशारकी सर स्टाफरूममध्ये रोज मारत. संगीत महाविद्यालयात रचनाशास्त्र शिकवून केस पिकले, तरी गडी हंगामीच. यंदा जागा कायम व्हायची होती. त्यासाठी परीक्षा एकच: फुंकवाद्यवृंदासाठी लिहिलेल्या एका कोऱ्या करकरीत रचनेची बांधणी जाहीर व्याख्यानात उलगडायची. पण रचनाकार बाई स्वरलिपी कुणाला दाखवतील तर शपथ!

सरांचा मेहुणा त्याच वृंदात ट्रॉम्बोन वाजवायचा. त्याने गुपचूप फोनवर रेकॉर्डिंग करून पाठवलं. सरांनी ते ऐकलं आणि त्यांना घबाडच सापडलं. क्लॅरिनेटची धून चढते, नेमक्या एका जागी तुटते, लाकडावर ठकठक होते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. सरांनी याचं बारसंही करून टाकलं, 'अडखळबंध'. माणसाचं आयुष्य असंच, पोचता पोचता परत पहिल्या पायरीवर, वगैरे वगैरे.

व्याख्यान झकास रंगलं. समोर बसलेल्या बाई भराभर लिहून घेत होत्या. मेहुण्याने मात्र दाराशी सरांना गाठलं. "भाऊजी, ती तालीम होती हो! क्लॅरिनेटवाल्याला वरच्या सुरावरची ती उडी जमत नव्हती. ठकठक म्हणजे त्याला थांबवायला बाई छडी आपटत होत्या."

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. पण बाई हसून "छान बोललात" म्हणाल्या आणि निघून गेल्या. सरांना वाटलं, वाचलो.

कसले वाचतायत! मैफलीच्या दिवशी बाईंनी माइक हातात घेतला आणि आपल्याला अडखळबंध कसा सुचला ते सांगितलं. पहिली पायरी, आयुष्य, सगळं सगळं. मग वृंद ठरवून अडखळला, छडीसुद्धा तालात आपटली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी निवड समितीने सरांना बोलावलं. "बाईंकडून आधी सगळं ऐकून आलात, आणि स्वतःचं म्हणून खपवलंत?"

खरं सांगावं तर गाढव ठरणार, गप्प बसावं तर चोर. सर गप्प बसले. जागा दुसऱ्याला गेली.

क्लॅरिनेटवाल्याला आता ती उडी बिनचूक जमते, म्हणून बाई त्याच्यावर डाफरतात. रचना यंदा अभ्यासक्रमाला लागली आहे. ती शिकवायला कायम माणसांपैकी कुणाला वेळ नाही, तेव्हा तास सरांकडेच आलेत.