देवस्थळींचं गळकं छप्पर

दुबईजवळच्या अजमानमध्ये वर्षातून चार-सहा दिवस पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. थेंब पडायला लागले की लोक बाल्कनीत येतात, पोरं खाली पळतात, एखाद्या घरात भज्यांचं पीठ भिजतं. आमच्या बिल्डिंगमधले देवस्थळी मात्र पायजमा-बनियनवर, हातात काळी छत्री घेऊन जिना उतरत धावायचे आणि ती छत्री स्वतःच्या डोक्यावर न धरता गाडीच्या टपावर धरून उभे राहायचे. स्वतः नखशिखांत भिजायचे. मी वरून ओरडायचो, "अहो, सर्दी होईल!"

"मला झाली तर गोळी घेईन. हिला काय देऊ?"

'ही' म्हणजे चॉकलेटी रंगाची, अठ्ठ्याऐंशी सालची, सेकंडहँड घेतलेली जर्मन गाडी. तिच्या टपाला एक चौकोनी झरोका होता. बटण दाबलं की काच मागे सरकायची आणि थेट आभाळ दिसायचं. सनरूफ! आमच्या सगळ्यांच्या गाड्या पांढऱ्या, जपानी आणि बिनझरोक्याच्या. त्यामुळे सुरुवातीला आम्हाला हेवा वाटला. मग पहिल्या पावसात तो झरोका गळला, मोटर जळून नवी बसवावी लागली, आणि आमचा हेवा एका दिवसात ओसरला.

देवस्थळी मोठमोठ्या इमारतींच्या एसी प्लांटचे इंजिनियर. आज अबुधाबीचं मुसफ्फा, उद्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, परवा आणखी कुठे. आता उन्हाळ्यात एसीवाल्याने रजा मागणं म्हणजे हलवायाने दिवाळीत सुट्टी मागणं. त्यामुळे सगळं जग जुलैत भारतात जायचं, आणि देवस्थळी डिसेंबरात. सहा आठवडे पुण्याला. नेमके तेच पावसाचे दिवस, आणि गाडी बिल्डिंगमागच्या वाळूच्या मैदानात, उघड्यावर. तिचा पालक मी. शेजारी असण्याची शिक्षा, दुसरं काय!

पहिल्या वर्षी त्यांनी गाडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली होती. मुंगीला शिरायला जागा ठेवली नव्हती. परत येऊन उघडली तर आत सीटवर, स्टिअरिंगवर, पट्ट्यांवर हिरवी-पांढरी बुरशी. माझ्या बायकोने, सुलभाने, नाकाला पदर लावून निदान केलं, "लोणच्याची बरणी ओली असताना झाकण लावलं की अस्संच होतं." देवस्थळींनी ते वाक्य मनावर घेतलं. त्या दिवसापासून त्यांचा मंत्र ठरला: "झाकायचं, पण कोंडायचं नाही."

हा मंत्र ते कशालाही लावत. माझ्या डब्यातली पोळी ओलसर निघाली, तर "झाकायचं, पण कोंडायचं नाही." आमची लेक केतकी दहावीच्या अभ्यासाला खोलीचं दार लावून बसली, तरी तेच. केतकी आतून म्हणायची, "अंकल, प्लीज! आय अ‍ॅम स्टडीइंग!" तर हे दार बोटभर उघडं करून जायचे.

पुढच्या वर्षीपासून गाडी झाकून ठेवण्याचा दोन दिवसांचा सोहळा असायचा. पुढच्या चाकांखाली विटा, म्हणजे पाणी मागे वाहून जावं. सीटखाली जाड्या मिठाने भरलेले जुने मोजे, ओल शोषायला. डॅशबोर्डवर कापराच्या वड्या. टपावर झरोक्याएवढी उशी, तिच्यावर सुती चादर, आणि वर मासळीबाजाराजवळून आणलेली कोळ्यांची ताडपत्री, खालून हात जाईल एवढी फट ठेवून बांधलेली. शिवाय दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, ऊन असेल तर, मी ताडपत्री काढून झरोका उघडायचा आणि गाडीला तासभर ऊन दाखवायचं. पापडांना दाखवतात तसं. मी म्हटलं, "देवस्थळी, एवढं करण्यापेक्षा ते भोक वेल्डिंग करून बुजवा ना. यल्ला, खलास!"

त्यांचा चेहरा एकदम पडला. "बुजवायचं नाही," एवढंच म्हणाले.

आणि पुण्याहून फोन. बूथवरून, घाईघाईने. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "ढग आहेत का?"

केतकीने एकदा उत्तर दिलं, "अंकल, ओन्ली लिटल क्लाउडी." पलीकडे त्या 'लिटल'चा अर्थ लावण्यात बराच वेळ गेला असावा, कारण दहा मिनिटांनी परत फोन आला: "लिटल म्हणजे कुठल्या दिशेला?"

त्यांच्या पत्नी, मालतीवहिनी, आधी इथेच होत्या. चार वर्षांपूर्वी पुण्याला गेल्या त्या परत आल्या नाहीत. "आईची तब्येत," देवस्थळी सांगायचे. त्याच सुमारास त्यांनी पाचव्या मजल्यावरचा चांगला हवेशीर फ्लॅट सोडून पहिल्या मजल्यावरचा अंधारा घेतला आणि ही गाडी आणली. गाडीवर नजर ठेवायला घर बदललं, असं आम्ही समजलो. मी तर गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांच्या देखत म्हणालो होतो, "गाडी आली आणि बायको पळाली." लोक खूप हसले. देवस्थळीही हसले. ते हसणं आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

त्या वर्षी जानेवारीत फोन आला, आणि त्यात ढग नव्हते. "अहो, मालती यायला तयार झाली! महिनाभर राहीन म्हणते. जमलं तर पुढेही. गाडी तेवढी नीट ठेवा हं. सगळं गाडीवर आहे."

त्याच आठवड्यात धो धो पाऊस झाला. मी ताडपत्री उचलून पाहिलं, तर उशी भिजलेली, मोज्यांतल्या मिठाचं पाणी झालेलं आणि टपाच्या अस्तराला डाग. चार वर्षांनी वहिनी येणार आणि त्यांच्या डोक्यावर ठिबक ठिबक? माझ्यातला कर्तबगार शेजारी जागा झाला. गाडी घेऊन मी इंडस्ट्रियल एरियात गेलो. तिथला पठाण मिस्त्री टपाभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "साब, सिलिकॉन मार देता हूँ. समंदर में डाल दो, पानी नहीं आएगा." चाळीस दिरहम, म्हणजे जवळजवळ पाचशे रुपये. मी स्वतःच्या खिशातून दिले. झरोक्याच्या चारी बाजूंनी त्याने बोटाएवढी जाड, काळी रेघ ओढली. मग मी बादलीने पाणी ओतून पाहिलं. थेंब नाही!

शारजा विमानतळावर त्यांना आणायला मी तीच गाडी घेऊन गेलो, धुऊन-पुसून, सरप्राइज म्हणून. वहिनी ढकलगाडीला धरून बाहेर आल्या. वाळल्या होत्या, डोळे जड दिसत होते. देवस्थळी म्हणाले, "विमानात गोळी घेऊन झोपली होती." मी दार उघडलं. "वहिनी, बसा." त्या बसल्या नाहीत, नुसत्या टपाकडे पाहत राहिल्या. देवस्थळींनी आत वाकून बटण दाबलं. मोटर घरघरली. काच हलली नाही. पुन्हा दाबलं.

"दाबू नका!" मी विजयी स्वरात म्हणालो. "पक्कं सील केलंय. आता जन्मात उघडणार नाही!"

देवस्थळींनी बटणावरचं बोट काढलं. वहिनींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. "मी इथेच थांबते जरा," त्या म्हणाल्या. मी खिडक्या खाली केल्या, चारही. त्या मान हलवत राहिल्या. अर्धा तास गेला. टॅक्सीवाले येऊन विचारून गेले. शेवटी देवस्थळींनी एका रिकाम्या पिकअपवाल्याला गाठलं, आणि पन्नाशीच्या मालतीवहिनी, इरकली नेसलेल्या, मागच्या उघड्या हौद्यात बॅगेवर बसून अजमानला निघाल्या. शेजारी देवस्थळी, त्यांचा हात हातात घेऊन. मी मागून ती कोरडी ठणठणीत गाडी चालवत होतो. वहिनींचं तोंड माझ्याकडे होतं. कानाला पदर गुंडाळून त्या वर, आभाळाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळीच देवस्थळी टपावर ओणवे होऊन दाढीच्या पात्याने सिलिकॉन खरवडत होते. मीही न विचारता एक पातं घेऊन दुसऱ्या बाजूला लागलो. बराच वेळ नुसता खरखर आवाज. मग ते खालमानेने म्हणाले, "लिफ्टमध्ये अडकली होती. ऑगस्टात, लाइट गेले तेव्हा. अडीच तास. वॉचमन जेवायला गेलेला. मी मुसफ्फाला होतो. लोकांची हवा चालू करत होतो." पातं थांबलं. "तेव्हापासून लहानशा जागेत डोक्यावर झाकण आलं की तिचा जीव जातो. खिडक्या उघड्या असल्या तरी. कोणाला सांगायचं नाही म्हणाली, लोक वेडी म्हणतील. म्हटलं, मग मला म्हणू देत."

पाचवा मजला सोडून पहिला का घेतला, गाडी झरोक्याचीच का, भोक का बुजवायचं नाही, सगळं एकदम कळलं. आरतीनंतरचा माझा विनोदही आठवला. "देवस्थळी, मला माफ करा," मी म्हणालो.

"खरवडा हो," ते म्हणाले. "काचेला चरा पडेल, जरा जपून."

दुपारपर्यंत काच सुटली आणि कुरकुरत मागे सरकली. तिच्याखालच्या पन्हळीच्या कोपऱ्यात बारीकसं भोक दिसलं, वाळूने गच्च भरलेलं. चारही कोपऱ्यांत तसंच. देवस्थळी त्या भोकांकडे बघतच राहिले. मग टपावरच बसले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, ड्रेन! ड्रेन चोक झालाय! वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगतोय. एसी गळतो म्हणजे एसी बिघडलेला नसतो बाबांनो, ड्रेन साफ करा. आणि माझ्याच डोक्यावर..." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! पाणी आत येणारच होतं. त्याला जायची वाट तुंबली होती, आणि आम्ही वरून उशा ठेवत बसलो होतो.

वहिनी जिन्यावरून हे ऐकत होत्या. आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या पडद्याची स्प्रिंगची तार काढून घेऊन आल्या. "ही घालून बघा." तार खुपसताच चाकांपाशी वाळूचा लगदा भदाभदा पडला. मग झरोका लावून तांब्याने पाणी ओतलं. वरून पडलेलं पाणी खाली चाकांशी टपटपलं. आत थेंब नाही.

पण वहिनी गाडीत बसल्या नाहीत. आठ दिवस झाले, तरी नाहीत. रोज संध्याकाळी दोघं खाली यायची, देवस्थळी झरोका उघडायचे, त्या दाराला हात लावून उभ्या राहायच्या आणि मग दोघं पायीच समुद्राकडे जायची. "इन्शाल्ला, उद्या," देवस्थळी मला सांगायचे. परतीचं तिकीट महिन्याचं होतं. मी खिडकीतून दिवस मोजायचो. हा माझा प्रश्न कधी झाला कोण जाणे.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पाऊस आला. सवयीने मी बाल्कनीत गेलो. देवस्थळी छत्री घेऊन खाली धावलेच होते, वीस वर्षं ड्रेन साफ करणाऱ्याचा स्वतःच्या ड्रेनवर भरवसा कुठला! छत्री टपावर धरून उभे. मागून वहिनी आल्या, पावसातच. त्या काहीतरी म्हणाल्या. देवस्थळींनी झरोक्याकडे बोट दाखवून मान हलवली. वहिनींनी पुन्हा तेच म्हटलं असावं. मग देवस्थळींनी आत हात घालून बटण दाबलं. भर पावसात, ताडपत्री नाही, उशी नाही, छप्पर सताड उघडं.

वहिनी आत बसल्या. देवस्थळींनी छत्री त्यांच्या हातात दिली. क्षणभराने ती झरोक्यातून वर आली आणि टपावर उघडली.

गाडी अगदी हळू मैदानातून बाहेर पडली. दोन-तीन पोरं ओरडत मागे धावली. छत्रीखाली वहिनी होत्या, झाकलेल्या, पण कोंडलेल्या नाहीत. देवस्थळींच्या अंगावर पाणी धो धो पडत होतं, सीटवर पडत होतं, डॅशबोर्डवर पडत होतं, आणि ते हसत होते.

सुलभा मागून येऊन म्हणाली, "अगंबाई, छप्पर उघडं राहिलंय त्यांचं! हाक मारा ना!"

मी नाही मारली.