बसलिंगाप्पांचं दुमजली विमान

उमरग्याजवळ विमान उतरलं तेव्हा सगळा गाव तिकडं धावला आणि बसलिंगाप्पा एकटे उलट्या दिशेनं दुकानाकडं धावले. कापड मोजायचा गज आणायला.

लढाईचे दिवस होते, आमच्यावर निजामाचा अमल होता, आणि विमान म्हणजे आम्हाला आभाळातला आवाज तेवढा माहीत. इंजिन बिघडलं म्हणून ते कुणाच्या तरी रानात उतरलेलं. एकावर एक दोन पंख, मधे आडव्यातिडव्या तारा. बाया त्याला कुंकू लावत होत्या आणि गोरा साहेब डोकं धरून बांधावर बसला होता. त्या गर्दीत आमचे आप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात गज, पंख मोजत चाललेले. साहेबानं जणू तागा विकायला काढला होता.

आप्पांचं कापडाचं दुकान. "मापात बोला" हे त्यांचं पालुपद. पोरगी केवढी झाली विचारलं तर "सव्वा गज." कुणी वारलं तर हळहळसुद्धा मापातच: "पावणेदोन गज मानूस, गेला बगा." मी समोरच राहायचो, तहसिलीत कारकून होतो. ते मला रिकामटेकडा समजायचे आणि मी त्यांना चोर समजायचो, त्यामुळं आमचं बरं जमायचं.

विमान दुरुस्त होऊन उडून गेलं. आप्पांनी मात्र जाहीर केलं की तसंच विमान ते लाकडाचं करणार. "गजाला गिरह," म्हणाले. गिरह म्हणजे गजाचा सोळावा भाग. खऱ्या विमानात गजभर असेल ते यांच्या विमानात गिरहभर. झालं, दुकानात खोक्याच्या फळ्या तासणं सुरू झालं. बांबूच्या कामट्या आल्या, पंखांवर खळ लावलेली मलमल चढली. गिऱ्हाईक लुगड्याचा भाव विचारतंय आणि आप्पा तोंडात दोरा धरून बसलेत, असा कारभार. तारांच्या जागी त्यांनी मेण चोळलेला दोरा ओवला होता. एक दोरा ताणला की दुसरा ढिला पडायचा. दुसरा ताणला की पंखच वाकायचा.

सगळं जोडून झालं आणि विमान डावीकडं कललं. आप्पांनी दोरे सोडले, पुन्हा बांधले, पुन्हा सोडले. आधी दोऱ्याला शिव्या घातल्या, मग बांबूला, शेवटी साहेबाला. "मूळ इमानच वाकडं आसंल. उगंच पडतंय व्हय?"

माझे हात शिवशिवत होतेच. मी एक सुतळी घेऊन दोन्हीकडचे पंख मापले. डावीकडचे बोटभर लांब.

"आप्पा," मी म्हणालो, "डावी बाजू कुठल्या गजानं मोजली होती?"

आप्पांचं तोंड उतरलं. त्यांच्याकडं दोन गज होते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. विकायचा आखूड, घ्यायचा लांब. विमान उतरलं त्या संध्याकाळी डावी बाजू विकायच्या गजानं मोजली, तेवढ्यात शिपायांनी गर्दी हाकलली. सकाळी उजव्या बाजूला गेले ते घाईत दुसराच गज उचलून. आता शहाण्या माणसानं एक बाजू मोजून दुसरी तेवढीच धरली असती. पण हे पडले व्यापारी. "साहेबाचा काय भरवसा?"

ही बातमी बाजारभर होईल याची काळजी मी जातीनं घेतली. येणारा जाणारा दुकानाशी थांबून विचारायचा, "आप्पा, इमान डावीकडं का झुकतंय वो?"

मी सुचवलं, डावी बाजू कापून उजवीएवढी करा, मिटलं.

"आन उजवी तरी खरी कशावरनं?" आप्पा म्हणाले. "खरं माप कळाय पायजे."

खरं माप कळायचं तर तहसिलीतला लोखंडी सरकारी गज. तिथं आपले दोन्ही गज घेऊन जायचं म्हणजे आपल्या पायांनी चोरी कबूल करायची. हा माणूस देवळाच्या पंचांत बसणारा. मी मनात म्हटलं, हे होणे नाही.

ऐन बाजाराच्या दिवशी आप्पा दोन्ही गज काखेत मारून कचेरीत हजर. "लावून बगा," म्हणाले. व्हरांड्यातली माणसं पोट धरून हसली. तहसीलदारानं गज जप्त केले, दंड ठोकला. आप्पांना त्याचं काहीच नाही. "आखूड किती, तेवढं नीट सांगा," हेच पुन्हा पुन्हा. देवळातली जागा गेली. बाया हातानं कापड मोजून घ्यायला लागल्या. एका खेळण्यापायी जन्माची अब्रू घालवणारा मूर्ख मी दुसरा पाहिला नाही.

तेच तोंडावर सांगावं म्हणून एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. माजघरात गौरव्वा बसल्या होत्या, आप्पांचं कुटुंब. त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मांडीवर विमान होतं, सरळ, दोन्ही पंख सारखे. त्या एकेका दोऱ्यावरून बोट फिरवत होत्या.

"समदा गाव बगाय गेला," आप्पा मला म्हणाले, "आन ही दारात उभी. कसं हाय वो, कसं हाय, म्हनून इचारती. आता ही हातानं बगनार. दुनियेला आखूड दिलं मुनशीजी, हिला कसं देऊ?"

मी खाली बसलो.

गौरव्वांचं बोट बसायच्या दोन खाचांपाशी थांबलं. "हितं कोन?"

"मागं साहेब."

"आन म्होरं?"

पुढच्या जागेत पत्र्याचा डबा आणि एक पोतं होतं. मी पाहिलं होतं, आप्पांनीही पाहिलं होतं.

"त्याची बायकू," ते म्हणाले. "इचार मुनशीजींना."

"व्हय काकू," मी म्हणालो. "पदर खोचून बसल्या होत्या."

गौरव्वा हसल्या. "म्होरं बसवली व्हय तिला," म्हणाल्या, आणि त्या खाचेत बोट ठेवून बसून राहिल्या.