पुढच्या रांगेतला घोट

शुक्रवारी सकाळी नायफला दोन निरोप आले आणि दोन्हींत त्याला आपला माणूस धरलेलं होतं. पहिला निरोप थोरल्या भावाचा, अबू कुसैचा. आज मागणी घालायला जायचं, तर जाहाच्या, म्हणजे मागणी घालणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या, पुढच्या रांगेत तू बस. सुवैलिम मामांची कंबर धरलीय, त्यांची खुर्ची रिकामी दिसायला नको. माझा काळा झगा पाठवतोय. बसायचं, मान हलवायची, तोंड उघडायचं नाही. दुसरा निरोप त्याच भावाच्या मुलाचा, कुसैचा, म्हणजे खुद्द नवरदेवाचा. "काका, म्हाताऱ्यांत आपला एक माणूस घुसला म्हटल्यावर जिवात जीव आला बघ. आत काय चाललंय ते फोनवर कळवत राहा."

नायफ त्रेचाळीस वर्षांचा. भाऊ त्याच्याहून बावीस वर्षांनी मोठा आणि पुतण्या सोळा वर्षांनी लहान. भावाने त्याला कधी खेळवलं नव्हतं, दामटलं मात्र भरपूर होतं. उलट पुतण्याला सायकल त्याने शिकवली होती. त्यामुळे आपली जागा कुठे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. तो पोरांतला होता. दर गुरुवारी त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळायचा, त्यांची भाषा बोलायचा. खेळताना तो नेहमी गोलातच का उभा राहतो, हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. कुसै घरी बसून मोबाइलवरचे खेळ तयार करायचा आणि त्यावर त्याचं छान चाललं होतं. पण मुलीचे वडील, अबू निदाल, म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी ठरवलं होतं की मागणी मान्य करायची, पण एका अटीवर: आधी मुलाने सरकारी नोकरी धरायची, मगच निकाह. आता सरकारी नोकरीच्या यादीत नाव लागलेली माणसं टक्कल पडेपर्यंत वाट पाहतात, हे सगळ्या जॉर्डनला माहीत आहे. रनीमने, म्हणजे मुलीने, ही बातमी सकाळीच कुसैला पोचवली होती.

वडीलधाऱ्यांना मात्र अट एकदम पसंत पडली. अबू कुसै तर खुशच झाले, कारण गेली चार वर्षं ते घरात हेच सांगत होते. थोडक्यात काय, मुलीकडचे अट घालणार, मुलाकडचे माना डोलावणार आणि दोन लेकरांचं लग्न यादीत जाऊन पडणार. पुढच्या रांगेत याविरुद्ध बोलणारा एकच माणूस होता आणि त्याला तोंड उघडायची बंदी होती.

दुपारच्या नमाजानंतर सल्तहून बारा गाड्या निघाल्या आणि इर्बिदला पोचल्या. बैठकीत समोरासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. इकडे पुढच्या रांगेत झगेवाले, मधोमध शेख हायिल, ज्यांना बोलण्यासाठी खास आणलं होतं. तिकडे अबू निदाल आणि त्यांचे वडील, ऐंशी वर्षांचे हाज अवाद, हातात काठी. पोरंसोरं अंगणात, खिडकीला नाक लावून. बायका आतल्या खोलीत. नायफ झग्यात बसला होता. झगा भावाच्या मापाचा, म्हणजे त्यात आणखी एक नायफ सहज मावला असता.

कडू कॉफीचे छोटे कप फिरले. शेखांनी आपला कप खाली ठेवला आणि जाहीर केलं की आमची मागणी पुरी झाल्याशिवाय तुमच्या घरची कॉफी पिणार नाही. ही रीत तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्होरक्याचा कप खाली म्हणजे सगळ्यांचे कप खाली. मुलीकडून होकार आला की मगच तोंडाला लावायचे. नायफलाही हे ठाऊक होतं. त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं.

कारण त्याच वेळी झग्याच्या आत फोन थरथरला. कुसै विचारत होता, कुठवर आलं? शेख बाबा आदमपासून सुरू होऊन अजून नूहच्या नावेपर्यंतच आले होते. नायफने झग्याआड डाव्या हाताने तसं लिहायला घेतलं. पाणीपुरवठा कचेरीत वीस वर्षं तो एका हाताने लिहीत आणि दुसऱ्या हाताने कॉफी पीत आला होता. डावा हात लिहायला लागला आणि उजव्याने आपलं नेहमीचं काम केलं.

कप रिकामा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. कपाळाला घाम फुटला. आजूबाजूला पाहिलं तर सगळे शेखांकडे बघत होते. देवाची कृपा, असं म्हणेपर्यंत कॉफी वाढणारा तरुण किटली घेऊन समोर हजर. कप हलवून नको म्हणायचं असतं, पण नायफला वाटलं, बरंच झालं, भरलेला कप दिसला म्हणजे प्रकरण मिटलं. त्याने गुपचूप कप पुढे केला.

त्या तरुणाने तो काठोकाठ भरला. आता पाहुण्याला कोणी काठोकाठ भरून देत नाही. तळाशी दोन घोट ओततात, त्यातच मान असतो. कप हलला, उकळती कॉफी बोटांवरून भावाच्या झग्याकडे निघाली आणि नायफने दुसरा काही विचार न करता ओठ लावून ओढली. नेमके शेख तेव्हा श्वास घ्यायला थांबले होते. त्या शांततेत असा काही 'सुर्रर्र' आवाज झाला की पहिल्या रांगेतले अकरा झगे एकदम वळले.

खिडकीतल्या पोरांनी एवढंच पाहिलं की पुढच्या रांगेतला माणूस कॉफी पितोय. म्हणजे होकार मिळाला. अंगणात ढोल सुरू झाला. ढोल ऐकून आतल्या बायकांनी जीभ हलवून आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या. किलकाऱ्या ऐकून स्वयंपाकघरातून कुनाफ्याची ताटं बाहेर पडली. शेख हायिलांनी अजून मुलीचं नावसुद्धा उच्चारलं नव्हतं.

"थांबवा," अबू निदाल उठून उभे राहिले. "मागणी झाली नाही, माझं बोलणं झालं नाही, आणि मिठाई कसली वाटता?"

ढोल थांबला. अबू कुसैंचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. त्यांनी हात जोडल्यासारखे केले आणि सगळ्यांची माफी मागून सांगितलं की हा माझा भाऊ खरा, पण याला आमच्यात धरू नका, हा पोरांतला आहे, खुर्ची रिकामी होती म्हणून बसवला. हे ऐकून पोरं दारातून ओरडली की छे, काका आमच्यातले नाहीत, काका मोठ्यांतले. आयुष्यभर नायफला दोन्हीकडचे ओढत होते आणि आज दोन्हीकडचे ढकलत होते.

तेव्हा हाज अवादांनी काठी जमिनीवर आपटली.

"पोराने कॉफी प्यायली तर ती पोराची कॉफी," ते सावकाश म्हणाले. "तिला काही अर्थ नाही, बोलणं पहिल्यापासून सुरू करू. पण मागणी घेऊन आलेला वडीलधारा जर माझ्या घरात कॉफी प्यायला, तर दोनच गोष्टी. एक तर तो असभ्य आहे, नाहीतर त्याची मागणी मान्य झालीय. आणि मी आजवर दारी आलेल्या पाहुण्याला असभ्य म्हटलेलं नाही. तेव्हा बाबा, तूच सांग. तू कुणातला?"

नायफने दाराकडे पाहिलं. कुसै उभा होता, ओठ पांढरे पडलेले. त्याला सारं कळलं होतं. काका पोरांतला ठरला तर बोलणं पुन्हा सुरू, म्हणजे अट, म्हणजे यादी. काका म्हातारा ठरला तर लग्न. नायफला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

"मी मोठ्यांतला," तो म्हणाला. "त्रेचाळीस पूर्ण आहेत."

"त्याने काय होतंय? माझा धाकटा पंचेचाळीसचा आहे, अजून त्याला नाक पुसायला सांगावं लागतं. पुरावा दे."

मग नायफ उठला. गुडघे कटकन वाजले, ते सगळ्यांनी ऐकलं, ती साक्ष आपोआप झाली. त्याने झग्यातून चष्मा काढला, जो आजवर त्याने पोरांसमोर कधी लावला नव्हता, आणि नाकावर ठेवला. पोरांच्या गाडीत बसतो तेव्हा त्यांची गाणी कानात कापूस घालून ऐकतो, हे सांगितलं. रात्री साडेनऊला झोप येते आणि पहाटे चारला उगाच जाग येते. प्लॅस्टिकच्या पिशव्या घडी घालून ठेवतो. परवा एका मुलाला आपण होऊन विचारलं, तू कोणाचा रे?

"'आमच्या काळी' असं कधी म्हटलंस?" हाजनी विचारलं.

"रोज," नायफ म्हणाला. मग एक मोठा श्वास घेतला. "आणि गोलात मी उभा राहतो, कारण मला पळता येत नाही. केससुद्धा रंगवतो."

दारात कोणी हसलं नाही. कुसैने मान खाली घातली आणि डोळे पुसले. अबू कुसै भावाकडे असे बघत राहिले, जणू हा घरात कधी आला हेच त्यांना आठवत नव्हतं. मग म्हणाले, "आमच्यातलाच आहे. माझा शब्द."

"झालं तर," हाज अवाद म्हणाले. "पुढच्या रांगेतल्या माणसाने कॉफी प्यायली. मुलगी दिली."

अबू निदाल तोंड उघडणार, तेवढ्यात आत पुन्हा किलकाऱ्या सुटल्या आणि त्यांची अट त्यात कुठेतरी वाहून गेली. शेख हायिल भाषण अर्धं राहिलं म्हणून जरा नाराज होते, पण कुनाफा आल्यावर त्यांचीही समजूत पटली.

निघताना हाज अवादांनी नायफला काठीने खुणावून बाजूला बोलावलं. नायफ माफी मागायला लागला, तर त्यांनी त्याला थांबवलं.

"पहिला कप तू चुकून प्यायलास. मी पाहिलं. दुसरा मीच भरायला लावला. काठोकाठ भर म्हटलं, पाहू कुठे जातो."

नायफने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"रनीम सकाळी माझ्याजवळ येऊन पोटभर रडली. अबू निदाल माझाच मुलगा, त्याच्याशी वाद घालण्यात अर्धं आयुष्य गेलं माझं. आता दम नाही. म्हटलं, कोणी पाहुणा चुकला तर बरं. आणि अल्लाने तुला पाठवलं."

"म्हणजे माझा कप तुम्ही होकार म्हणून धरणारच होता," नायफ म्हणाला. "मी पोरांतला ठरलो असतो तरी?"

"तरी."

"मग सगळ्यांसमोर माझे केस, गुडघे, पिशव्या, ते सगळं कशाला काढायला लावलंत?"

हाज अवादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते त्याच्या कानाशी वाकले.

"अरे, लग्नघर आहे," ते म्हणाले. "चार माणसं हसायला नकोत?"