गोंदजी वाघचौरे यांजवर मद्य पिऊन मोटार हाकल्याचा खटला जाहला त्याची हकीकत

श्रीगणराय व शारदा यांस नमन करून, ज्यांनी डोळां पाहिले त्यांचे तोंडून ऐकिले तितकेच येथे लिहिले आहे. शके १९४५, शोभकृत्‌नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी वर्तमान जाहले ते ऐसे. एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यात सरकारी दवाखान्याची आजाऱ्यांची गाडी हाकणारे गोंदजी वाघचौरे म्हणून गृहस्थ होते. अकरा वर्षे चाकरी केली, घाटातून आणि पुरातून रोगी वेळेवर पोहोचविले, सबब लोक त्यांस बहुत मान देत आणि तेही तो मान घेत. एके दिवशी रजा घेऊन गोंदजी व त्यांची बायको भागाबाई घरचे लहान मोटारीतून मेहुण्याकडे साखरपुड्यास गेली. तेथे दुपारी जेवणापूर्वी मंडळी मागील दारी बसली आणि पेले फिरले आणि गोंदजींनी एक घेतला, मग दुसरा घेतला, आणि तिसऱ्यास नको म्हटले नाही. निघते समयी भागाबाई म्हणाल्या, "अहो, चावी माझ्या भावाकडे द्या. तो सोडील आपल्याला." गोंदजी बोलिले, "अकरा वर्षं मी लोकांना पोचवतोय. मला कोण पोचवणार?" आणि हाकण्यास बसले. मग गावाचे नाक्यावर वळण चुकले आणि मोटार रस्ता सोडून गिरजाबाई म्हणून म्हातारी पेरू विकीत होती तिचे टोपल्यांवर गेली आणि थांबली. पेरू चिरडले, म्हातारी मटकन खाली बसली. नाक्यावरील पोलीस नाकेदार आले, गोंदजींचे तोंडी नळी देऊन फुंकविले आणि यंत्राने मद्य दाखविले. मग दवाखान्यात नेऊन रक्त काढिले, तो आपलाच दवाखाना, आणि सुई धरणारी परिचारिका रोजचे ओळखीची. गोंदजींनी मान खाली घातली.

दुसरे दिवशी नाकेदारांनी म्हातारीचे घरी जाऊन पाहिले तो तिचे मनगट प्लास्टरात. त्यांनी दोन आरोप लिहिले. पिऊन मोटार हाकली हा एक, त्यास दंड आणि परवाना जप्त. धडक देऊन म्हातारीचा हात मोडिला हा दुसरा, त्यास कैद, आणि कैद जाहली म्हणजे चाकरी गेली. गोंदजींस धडक आठवेना, आणि न दिल्याचेही आठवेना, भागाबाईंनी तर भयाने डोळे मिटिले होते, यामुळे अन्न गोड लागेनासे जाहले. कचेरीचे दारी एक मध्यस्थ भेटला, तो कानाशी लागून म्हणाला, "रक्ताची बाटली बदलून देतो. दोन्ही आरोप जातील." गोंदजींचे मन डळमळले. ते भागाबाईंस घेऊन सगुणाबाई राजहंस म्हणून वकील होत्या त्यांजकडे गेले आणि ही गोष्टही सांगितली. सगुणाबाईंनी चष्मा काढून ठेविला आणि म्हणाल्या, "त्या माणसाकडे जायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका. आता सांगा, प्यायला होता?" "होतो, बाईसाहेब." "धडक दिली?" "आठवत नाही." "मग कोर्टात 'दिली नाही' म्हणायचं नाही, 'दिली' असंही म्हणायचं नाही. आठवत नाही, एवढंच. बाकीचं मी पाहते." ऐसे निवांत बोलणे ऐकून गोंदजींस कित्येक दिवसांनी श्वास पुरा आला.

मग सगुणाबाई स्वतः गिरजाबाईंचे घरी गेल्या, ओसरीवर बसल्या, चहा घेतला आणि पुसिले, "आजी, हात कशानं मोडला?" म्हातारी म्हणाली, "नळावर शेवाळावरनं घसरले. हे गाडीचं व्हायच्या आदल्या दिवशी. प्लास्टर पदराखाली झाकून बसले होते मी." "मग नाकेदारांना सांगितलं नाहीत?" "त्यांनी विचारलंच नाही, बाई. हात बघितला आणि लिहीत सुटले." सगुणाबाईंनी दवाखान्यातून प्लास्टरचा कागद काढविला, त्यावर आदले दिवसाची तारीख निघाली. तो न्यायाधीशांपुढे ठेविला, गिरजाबाईंनी येऊन साक्ष दिली आणि दुसरा आरोप रद्द जाहला. मग न्यायाधीशांनी पहिला वाचून पुसिले, "कबूल आहे?" सगुणाबाई गोंदजींकडे पाहात राहिल्या, खूण केली नाही. गोंदजी बोलिले, "कबूल आहे. बायकोनं नको म्हटलं होतं, तरी हाकली." दंड आणि सहा मास परवाना जप्त ऐसी आज्ञा जाहली. कैद टळली. दवाखान्याने गाडीवरून उतरवून रोगी उचलण्याचे कामास लाविले, चाकरी राहिली. भागाबाई कचेरीचे पायरीवर बसून रडल्या आणि मग उठल्या.

चार दिवसांनी गोंदजी पेरूंची नवी टोपली डोईवर घेऊन गिरजाबाईंकडे क्षमा मागण्यास गेले. म्हातारीने टोपली उतरवून घेतली आणि म्हणाली, "माझा हात तू मोडला नाहीस, लेकरा. पण त्या दिवशी टोपल्यांच्या मागं माझी नात निजली होती. तुझं चाक तिच्यापासून एवढ्यावर थांबलं." ऐसे म्हणून तिने बऱ्या हाताची वीत करून दाखविली. "मग कोर्टात का नाही सांगितलंस, आजी?" "तिथंही कोणी विचारलं नाही." तोच आतून चार वर्षांची मुलगी आली, टोपलीतला पेरू घेतला आणि गोंदजींपुढे उभी राहून खाऊ लागली. गोंदजी तेथेच भुईवर बसले. मग सगुणाबाईंकडे जाऊन सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "कायद्यानं यात तुमच्यावर काही येत नाही." गोंदजी बोलिले, "कायद्यानं नाही येत, बाईसाहेब." आणि नमस्कार करून निघाले.

सहा मासांनी परवाना परत आला, तो त्यांनी घेतला आणि आणखी तीन मास हाकण्यास बसले नाहीत. पुढे गाडीवर पूर्ववत रुजू जाहले आणि पेल्यास पुन्हा हात लाविला नाही. येणेप्रमाणे आरोप दोन जाहले, एक सिद्ध, एक रद्द, आणि जो कोणी लिहिला नाही तो गोंदजींनी आपलेपाशी ठेविला. इतके वर्तमान.