सेक्रेटरीसाहेब 'सी'पर्यंत आले होते

सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी इंग्रजी डिक्शनरी 'ए'पासून पाठ करायला घेतली, तेव्हा बायकोला वाटलं, योगासनांसारखं हेही आठवडाभरात आपोआप बंद पडेल. पण नाही. रोज सकाळी आरशासमोर दाढी करताना साहेब पाच शब्द अर्थासकट घोकायचे. तेही साधेसुधे नाहीत, ज्या शब्दांशिवाय इंग्रजांचंही अजून काही अडलेलं नाही असे. 'ॲपल' तर त्यांनी अपमान झाल्यासारखा ओलांडला.

"शब्दांनी माणूस वर जातो," ते बायकोला म्हणाले.

"लिफ्ट चालू आहे आपली," बायको म्हणाली.

वर जाण्याची साहेबांना फार गरज होती. ऑफिसात ते हिशेब खात्यात होते, आणि वयाने निम्मा असलेला मॅनेजर त्यांना "अहो, जरा ती फाईल" एवढ्याच नावाने ओळखायचा. इमारतीत मात्र ते दिसले की वॉचमन उठून उभा राहायचा. मासिक बैठकीत बाकी सगळे प्लास्टिकच्या स्टुलांवर बसायचे आणि हातांची एकुलती एक खुर्ची साहेबांची असायची. ती खुर्ची गेली तर आपण कोण, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि निवडणूक तोंडावर आली होती.

तोवर शब्दांचा पहिला बळी पडलाही होता. साडू जेवायला आलेला असताना साहेबांनी त्याला 'ॲबस्टीमियस' म्हटलं. म्हणजे खाण्यापिण्यात संयम असलेला. वाक्य कौतुकाचं होतं, पण साडूने हातातला घास खाली ठेवला आणि त्या दिवसापासून तो फिरकला नाही. अर्थ विचारला असता तर मिटलं असतं. पण साडू एका इंग्रजी शाळेच्या पालकसभेचा अध्यक्ष होता. तो कसला विचारतोय?

निवडणुकीच्या आधीच्या बैठकीत साहेबांनी सगळी पुंजी बाहेर काढली. पाण्याची टाकी धुवायची होती, त्यामुळे रविवारी दिवसभर पाणी बंद राहणार होतं. पूर्वी ते फळ्यावर लिहायचे, "रविवारी पाणी नाही, भरून ठेवा." पण फळ्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. साहेब उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "ऑन संडे, द ॲक्वियस प्रोव्हिजन शॅल रिमेन इन अबेयन्स, ओइंग टु द अब्ल्यूशन ऑफ द सिस्टर्न."

 मग पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकूंनी गंभीरपणे मान डोलावली. त्यांची मान हलल्यावर शेजारणीने आपली मागे का ठेवावी? बघता बघता अख्खं सभागृह डोलू लागलं. साहेबांची बायकोही डोलत होती. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर एरवी तोंडावर बोलणारे आणि निवडणुकीत साहेबांसमोर उभे राहणार असलेले, पण तेही डोलत होते. जाताना साहेबांनी हेच वाक्य वॉचमनलाही ऐकवलं. त्याने सलाम ठोकला.

रविवारी सकाळी साहेब तोंडाला साबण लावून उभे होते, तेव्हा नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला.

"अगं, पाणी भरलंस ना?"

"कशाला?"

"बैठकीत सांगितलं होतं. तू तर मान डोलवत होतीस."

"सगळ्याच डोलवत होत्या," बायको म्हणाली. "सेक्रेटरीची बायको म्हणून मीच तेवढी ठोंब्यासारखी बसू का?"

साहेबांनी साबण टॉवेलने पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली.

इमारतीत त्या वेळी काय काय चाललं होतं ते सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बँकवाल्या काकूंनी केसांना नुकताच कलप फासला होता. डॉक्टरांच्या खुर्चीत एक पेशंट जबड्यात साच्याचा गुलाबी लगदा घेऊन बसला होता आणि त्याला चूळ भरायची होती. धुण्याची यंत्रं पोटात फेस घेऊन जागच्या जागी थांबली होती. आणि तरीही एकाही दारातून "पाणी का गेलं?" असा आवाज आला नाही. तो प्रश्न विचारणं म्हणजे बैठकीतलं इंग्रजी कळलं नव्हतं, अशी चारचौघांत कबुली देणं.

काकू डोक्याला पिशवी गुंडाळून शेजारणीकडे गेल्या. "आमच्याकडे भरलेलं आहे हो," त्या म्हणाल्या, "पण ते प्यायचं. बादलीभर वरकड असेल तर द्या."

"आमच्याकडे तर पिंपं भरलीत," शेजारीण म्हणाली. "पण ह्यांनी त्यात औषध टाकलंय. चोवीस तास हात लावायचा नाही म्हणाले."

असं एकमेकींवर कडी करून दोघीही बाटलीबंद पाणी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि तिथे पुन्हा समोरासमोर आल्या. दुपारपर्यंत दुकानदाराकडचं पाणी संपलं, मग सोडा संपला. डॉक्टरांच्या पेशंटने शेवटी संत्र्याच्या सरबताने चूळ भरली. ज्या दातासाठी तो आला होता त्याला ते सरबत असं काही झोंबलं, की पैसे न देता तो निघून गेला. काकूंचा कलप एवढा वेळ राहिला, की केस काळ्याच्याही पुढे जाऊन निळसर झाले.

संध्याकाळी डॉक्टरांनी टाकी धुणाऱ्या माणसालाच गाठलं.

"बाबा रे, आज कशी काय धुवायला काढलीस टाकी?"

"सेक्रेटरीसाहेबांनीच सांगितलंय. सगळ्यांना कळवलंय म्हणाले."

 डॉक्टरांना राग साहेबांचा आला, पण त्याहून जास्त स्वतःच्या मानेचा आला. मग ते साहेबांकडे गेले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या इंग्रजीला तोड नाही बुवा. कुठवर आली डिक्शनरी?"

"'सी' संपत आलाय," साहेब फुलून म्हणाले. "'डी' पुढच्या महिन्यात."

"सावकाश होऊ द्या," डॉक्टर म्हणाले.

निवडणुकीच्या सभेला निळसर केसांच्या काकू पहिल्या रांगेत होत्या. साहेब घाबरलेच होते. कोणी पाण्याचा विषय काढला की खुर्ची गेली, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी स्वतःच विचारलं, "मागच्या घोषणेबाबत कुणाची काही तक्रार? कुणाला कळली नव्हती का?"

कोण हात वर करणार? "अगदी स्पष्ट होती," काकू म्हणाल्या. "आम्ही तर आदल्या रात्रीच भरून ठेवलं होतं." सगळ्यांनी भरून ठेवलं होतं. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात डॉक्टर उठले. त्यांनी खिशातून काही काढलं नाही, सगळं तोंडपाठ होतं. "आय मूव्ह दॅट अवर एस्टीम्ड सेक्रेटरी डू हिअरबाय डिमिट हिज स्टेशन, अँड दॅट युअर हम्बल स्पीकर बी इन्व्हेस्टेड देअरविथ."

साहेब 'एस्टीम्ड'वर खूश झाले. आपल्याला आदरणीय म्हटलंय, एवढं त्यांना कळलं. 'डिमिट' मात्र त्यांच्या वाटेवर अजून यायचा होता. पण सगळ्या नजरा त्यांच्याकडे लागल्या होत्या. या इमारतीत इंग्रजी कळणारा अधिकृत माणूस एकच होता, आणि त्याची मान हलल्याशिवाय कोणाची हलणार नव्हती.

त्यांनी मान हलवली. वर म्हणाले, "आय सेकंड इट होलहार्टेडली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव एकमताने पास. कसला ठराव, ते एकट्या डॉक्टरांना ठाऊक होतं. ते पुढे आले आणि मराठीत म्हणाले, "चाव्या द्या. टाकीची, गच्चीची आणि सोसायटीच्या ऑफिसची."

"कशाला?"

"तुम्ही आत्ता पद सोडलंत ना. आणि माझ्या नावाला अनुमोदनही दिलंत. हल्लीच्या काळात एवढं मन कुणाचं असतं?"

साहेबांनी सभागृहाकडे पाहिलं. ठरावाचा अर्थ सगळ्यांना आत्ताच समजला होता, पण चेहरे असे होते, जणू ते घरूनच समजून आले होते. कोणीतरी म्हणालं, "त्याग म्हणतात तो हाच." काकूंनी निळसर केसांवरून हात फिरवत डोळे टिपले. वॉचमनने खुर्ची उचलून डॉक्टरांच्या मागे ठेवली.

साहेब उभेच राहिले. ऑफिसातला मॅनेजर आठवला, फाईल आठवली. आता लाज बाळगून उपयोग नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. इंग्रजी शब्दांनी वर जायला निघालेला तो माणूस हात जोडून स्वच्छ मराठीत म्हणाला, "मला पद सोडायचं नव्हतं हो. डॉक्टर काय म्हणाले ते मला समजलंच नाही. खरंच नाही समजलं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"बघा," काकू गहिवरून म्हणाल्या, "एवढा विद्वान माणूस, पण जाता जातासुद्धा केवढी ती नम्रता."

पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. साहेबांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. तीही मान डोलावत टाळ्या वाजवत होती.