गुडगावचा खब्बू

मी डावखुरा नाही. तरी नव्याण्णव साली गुडगावात माझ्याइतका मागणी असलेला डावखुरा दुसरा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो!

कंपनीनं माझी तिकडे बदली केली. आमच्या अथर्वची दहावी, म्हणून बायको नीला पुण्यातच राहिली. मला सातव्या मजल्यावर कोरा करकरीत फ्लॅट मिळाला. बिल्डिंग इतकी नवी की अंधार पडला की दिवा फक्त माझाच. ऑफिस सुटल्यावर बोलायचं कोणाशी? लिफ्टमध्ये मीच मला ‘कौनसा फ्लोअर?’ विचारायचो आणि मीच उत्तर द्यायचो. फार एकटं वाटायचं हो.

मार्केटच्या तळघरात दहिया सरांचा बॉक्सिंग क्लब होता. मला कोणाला मारायचं नव्हतं. आतून माणसांचा आवाज यायचा, म्हणून नाव घातलं.

पहिल्या दिवशी सर समोर उभे राहिले. डावा पाय पुढे, डावी मूठ पुढे. "ऐसे." आता आमच्या शाळेत कवायतीचे मास्तर समोर उभे राहून सगळं उलटं करून दाखवायचे, आणि आम्ही आरशासारखी नक्कल करायचो. मी तेच केलं. उजवा पाय पुढे, उजवी मूठ पुढे.

सर थबकले. "यो तो खब्बू सै!"

खब्बू म्हणजे डावखुरा. सगळी पोरं गोळा झाली. त्यांच्या सुखबीरला गणपतीनंतर पानिपतला एका डावखुऱ्याशी लढायचं होतं. त्याच पठ्ठ्यानं त्याला आधी एकदा लोळवलं होतं, आणि सरावाला अख्ख्या क्लबात डावखुरा नव्हता. सुखबीरनं माझा हातच धरला. "अंकल, आप शुरू से खब्बू हो?"

त्या गावात तोवर मला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "बिल्कुल. बचपन से."

मग काय विचारता! रोज सुखबीरचे ठोसे खायचे, नाकाचा टोमॅटो करून घ्यायचा आणि नंतर सगळ्यांबरोबर ढाब्यावर जायचं. पराठा डाव्या हातानं तोडायचा, चहाचा ग्लास डाव्या हातानं धरायचा. दही शर्टावर सांडायचं, पण कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायचं. मी खुशीत होतो.

त्याच भरात मी सगळ्यांना गणपतीला घरी बोलावलं. नीला पुण्याहून आली, तिनं मोदक केले. आरती झाली. मी ताट घेऊन उठलो आणि दहिया सरांच्या हातावर डाव्या हातानं मोदक ठेवला.

"अहो, प्रसाद डाव्या हातानं?" नीला म्हणाली.

"आंटीजी, अंकल खब्बू हैं," सुखबीरनं समजावलं.

"कौन खब्बू?" नीलाचं हिंदी पुणेरी, पण आवाज खणखणीत. "इनको बाएं हाथ से शर्ट का बटन भी नहीं लगता!"

सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. मी गणपतीकडे बघितलं. तिकडून काही मदत आली नाही.

दहिया सर मोदक चावत म्हणाले, "तभी मैं सोचूं, अंकल के लेफ्ट में जान क्यों नहीं है." पोरं पोट धरून हसली. मोदकांचा फडशा पाडला, नीलाच्या पाया पडली आणि गेली. मला वाटलं, चला, थोडक्यात सुटलो. नीलाही परत गेली.

नंतर क्लबात गेलो, तर सुखबीरसमोर एक खराखुरा डावखुरा उभा होता. रोहतकहून आणवला होता. सरांनी माझा डावा पाय पुढे सरकवला आणि लांबलचक रांगेच्या टोकाकडे बोट दाखवलं. "राइटवाले उधर." ढाब्यावर माझी खुर्ची आता त्या रोहतकवाल्याला मिळाली.

सुखबीर पानिपतला जिंकला. क्लबात लाडू वाटले. मी मुद्दाम डावा हात पुढे केला. वाटणाऱ्यानं त्यावर लाडू ठेवला आणि न बघताच तो पुढे गेला.

त्या संध्याकाळी नीलाचा फोन आला. "जेवलात का?"

"जेवतोय."

"मघाशी केला तेव्हाही जेवतच होतात!"

"अगं, वेळ लागतो."

डाव्या हातानं वरणभात कालवत होतो, हे तिला सांगितलं नाही. पानिपतात डावखुरा काय एकच असेल? पुन्हा बोलावणं आलं, तर आपली तयारी असलेली बरी.