रोज एक भाकरी कमी

“वैनी, पोरांचा पिच्चर आहे, पण पोरांना दाखवू नका,” असं सीडी भाड्याने देणाऱ्या मंगेशने शहापूरच्या बाजारात बजावलं, तेव्हा छायाने त्याच्याकडे जसं पाहिलं, तसं ती एरवी फक्त नासक्या दुधाकडे पाहायची. पाकिटावर कोट घातलेला ससा होता. सशाला काय घाबरायचं? शिवाय छाया ही साधीसुधी आई नव्हती. मानसशास्त्र घेऊन बी. ए., सेकंड क्लास. माणसाच्या मनातलं ओळखण्यात तालुक्यात आपल्याला तोड नाही, हे तिचं स्वतःचं मत होतं आणि ते तिने कुणाला खोडू दिलेलं नव्हतं. दुधात पाणी किती, हे ती दूधवाल्याच्या चालीवरून सांगे. उत्तर चुके, पण ठामपणे चुके.

पिक्चर लागला. पंधराव्या मिनिटाला सशाचा कोट तेवढा उरला. पहिली सीडी संपता संपता चेटकिणीने एका चिमुरडीला खोल विहिरीत ढकललं.

“बस्स!” म्हणत छायाने टीव्ही बंद केला. दुसरी सीडी पाकिटातून काढलीच नाही, सकाळी दोन्ही परत. पाच वर्षांची लेक काजल काळ्या टीव्हीकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवसापासून टोपलीतली एक भाकरी रोज कमी भरू लागली. मग गुळाचा खडा गेला. मग नवऱ्याची, सुदामची, कसाऱ्याला ड्युटीवर न्यायची बॅटरी गेली. आणि दिवसभर टकळी चालवणारी काजल अगदी गप्प झाली. छायाला वाटलं, त्या पिक्चरने पोरीच्या मनाचं काही बिघडवलं तर नसेल? तपास हाती घेणं भाग होतं.

आधी प्रेक्षकांच्या जबान्या.

“मी कुठे पाहिला?” सुदाम म्हणाला. “ससा गेला तेव्हाच झोपलो.”

शेजारची सुंदरा म्हणाली, “मी लय रडले गो. त्या चेटकिणीकडं केवढी तांब्याची भांडी, नि घासायला कोन नाय!”

पहिला संशय बोक्यावर. पण बोक्याला अंधारात दिसतं, त्याला बॅटरी कशाला? बोका सुटला. दुसरा संशय सुंदरावर. छायाने उंबऱ्यात तांदळाचं पीठ पसरलं. दुपारी त्यात पाऊल उमटलं, डाव्या पायाची करंगळी वाकडी. वाकड्या करंगळीच्या बाईला शोधत ती दोन तास आळीतून हिंडली, आणि घरी येऊन पाय धुताना ती बाई सापडली.

तिसरा सिद्धान्त मानसशास्त्रीय होता, लांबलचक होता, आणि ती तो सुदामला समजावून सांगत असतानाच दारात बाईजा उभी राहिली. गावाच्या कडेच्या वाडीवरची ही बाई मागच्या विहिरीवर पाणी भरायला यायची. डोईवर कळशी, एका हातात काजलचं मनगट, दुसऱ्यात भिजलेली भाकरी.

“पोर सांभाळा बाय. रोज दुपारची येते नि इहिरीत भाकर टाकते. काठावर पालथी पडून हाका मारते. आज मीच फराक धरून मागं वढली.”

छाया पायरीवर बसली. सगळं मानसशास्त्र आटलं. काजलला छातीशी धरून तिने एवढंच विचारलं, “का गं?”

“तिला भूक लागली असेल ना,” काजल म्हणाली. “तू टीव्ही बंद केलास. ती खालीच राहिली.”

सुदाम तसाच दुसरी सीडी आणायला मंगेशकडे पळाला. दोन्ही सीड्या म्हसा गावच्या जत्रेत सिनेमाच्या तंबूवाल्याकडे गेल्या होत्या.

“अगं, ती आली वर,” छाया म्हणाली. “मी पाहिलं.”

“कधी? सीडी तर तू काढलीच नाहीस.” काजलने डोळे बारीक केले. “कुणी काढलं तिला?”

मनातलं ओळखणारी बाई सुदामकडे बघू लागली. बाईजाने कळशी खाली ठेवली.

“आमी काढली. वाडीवरच्या चौघी. लुगड्याला लुगडं गाठलं नि सोडलं खाली. लय हलकी पोर. पेज पाजली, गेली घरला.”

“आणि बॅटरी?” काजलने विचारलं.

“तिनंच नेली. वाटंत काळोख नाय का?”

काजलने जबानी सर्व बाजूंनी तपासली. मग म्हणाली, “आई, भाकरी दे.” त्या दिवशी दोन भाकऱ्या कमी भरल्या, पण डोळ्यांदेखत.

सुदामने विहिरीवर जाळी बसवली. काजल सगळं विसरून बिट्ट्या खेळू लागली. छायाला मात्र चैन पडेना. बाईजाने थाप मारली, हे घरात तिलाच तेवढं सलत होतं. जत्रा उठली, तंबू गेला, सीडी काही परत आली नाही.

तेव्हा छायाचं तुम्हा वाचकांना एक कळकळीचं सांगणं आहे: “कोटवाल्या सशाच्या पिक्चरची दोन नंबरची सीडी तुमच्या घरी कुठे पडली असेल, तर एवढं करा. ससा गेला तो गेला. ती पोरगी वर आली का, तेवढं बघा. आणि आली असेल, तर तिच्या अंगावर कोरडं काही घातलंय का, तेही बघा.”